हातातून हातात नाही

एल्वुडने माझ्या हाताखाली हात धरला, आणि खोलीत बाकी कोणाला काहीच झालं नाही. डॉट कॉफी ओतत होती ती ओतत राहिली. खाली रस्त्यातल्या रुळांवरून ट्रॉली घंटा वाजवत गेली. मी बोलता बोलता माझा काचेचा गुलाब टेबलावर ठेवत होते, अंथरलेल्या टॉवेलपासून फार तर वीतभर वर असेल, आणि तेवढ्या जागेत एल्वुडचा पसरलेला तळवा येऊन थांबला. गुलाब टॉवेलवर न जाता त्याच्या तळव्यात गेला. मी हात मागे घेतला, मांडीवर ठेवला, त्याच्यावर दुसरा हात ठेवला आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत बसले. ते बंद होतं.

आमच्या मंडळात हातातून हातात काही द्यायचं नाही. फिलाडेल्फियातल्या आमच्या भागातल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्यातून एका शनिवारी आम्ही काही म्हातारे जुने अमेरिकन काचेचे पेपरवेट घेऊन बसतो. प्रत्येकाने घरून एकच आणायचा, जाड पायमोज्यात घालून, मोज्याला गाठ मारून. मग टॉवेलवर ठेवायचा, हात काढून घ्यायचा, आणि म्हणायचं, ‘ठेवला.’ तो शब्द आल्याशिवाय दुसऱ्याने हात लावायचा नाही. नवीन माणसाला हे जरा सोवळं वाटतं, पण त्यामागे साधं कारण आहे. हातातून हातात देताना एक क्षण असा येतो की देणाऱ्याला वाटतं घेणाऱ्याने धरलंय, आणि घेणाऱ्याला वाटतं देणाऱ्याने अजून सोडलेलं नाही. शंभर वर्षं टिकलेली काच त्या क्षणात जाते. डॉटच्या नवऱ्याचा निळ्या फुलांचा तसाच गेला होता, आणि दोघं ‘मला वाटलं तू धरलायस’ हे वाक्य एकमेकांना वर्षभर ऐकवत होते. हा नियम एल्वुडनेच आम्हाला घालून दिला. आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलेला माणूस, थेंबाला थेंब मोजणारा. त्याने आजवर तो कधी मोडला नव्हता, आणि मोडला तो माझ्यासाठी. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या टोपीकडे कुठेतरी बघत, गुलाब उजेडाला न धरताच तो म्हणाला, “सुंदर आहे, वर्ना. नेहमीसारखाच.” आजारी माणसाला आपण म्हणतो ना, चेहऱ्यावर तेज आलंय, तसं.

म्हणजे त्याला कळलं होतं. माझा हात थरथरतो हे मला उन्हाळ्यात कळलं, दाराची किल्ली कुलपाभोवती फिरत राहिली तेव्हा. आधी वाटलं कुलूप बिघडलंय. मग कप आणि बशीची किणकिण सुरू झाली, म्हणून मी बशी बंद केली. नंतर कपाऐवजी कॉफीचा मोठा मग घेतला, पुढे तोही अर्धाच भरायला लागले. बँकेत सही करताना डाव्या हाताने उजवं मनगट धरते, लोकांना वाटतं बाई विचार करून सही करते. चर्चमध्ये दानाचं ताट रांगेतून पुढं सरकतं तेव्हा मी ते घेतच नाही, पाकिटात काहीतरी शोधत बसते, आणि शेजारची बाई माझ्यावरून हात लांब करून ते पलीकडे देते. तिला मी चिक्कू वाटत असणार. वाटू दे. डॉक्टर म्हणाला, जिवाला धोका नाही, वयाचं आहे, वाढत जाईल. ‘वाढत जाईल’ हे तो हवामान सांगावं तसं म्हणाला. मला त्याचा राग आला नाही. राग मला त्या तळव्याचा आला.

ट्रॉलीत बसले तरी तो तळवा माझ्या हाताखालून जाईना. गुलाब मोज्यात, मोजा पिशवीत, पिशवी मांडीवर. पुढच्या बाकावरचा माणूस मोहरी लावलेलं प्रेटझेल खात होता, एका हाताने, दुसऱ्या हाताने दांडा धरून, आणि मी त्याचा तो हात बघत राहिले. कसा स्थिर होता, आणि त्याला त्याचं काही नव्हतं. आमच्या घरात हातांचं फार कौतुक होतं. माझे आजोबा, एसा, न्यू जर्सीत मिलव्हिलला काचेच्या भट्टीवर होते. दिवसभर बाटल्या करायच्या, आणि जेवणाच्या सुट्टीत कारखान्याची उरलेली काच घेऊन स्वतःसाठी काहीतरी. तिथले सगळेच करत. कोणी काचेची काठी करी, कोणी डुक्कर, आजोबा गुलाब करत. वितळलेल्या काचेच्या गोळ्यात पाकळ्यांचा लोखंडी साचा खालून खुपसायचा, लाल काच आत ढकलायची आणि साचा बाहेर काढायचा. हात एवढासा हलला की गुलाबाची कोबी होते. आई म्हणायची, भूकंप झाला तरी आपल्या लोपर घराण्याचा हात हलायचा नाही. आजोबांनी केलेला एकही गुलाब घरात उरला नाही. कोणाच्या लग्नात दिला, कोणाच्या बारमध्ये राहिला. आणि तिथले कारागीर त्यावर नाव घालत नसत, त्यामुळे तो शोधायचा कसा हाही प्रश्नच. मी गोळा करायला लागले ते त्यासाठी, सौंदर्यासाठी वगैरे नाही. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते, सौंदर्याशी माझा संबंध नव्हता. जुन्या बाजारात, चर्चच्या विक्रीत, मेलेल्या माणसांच्या घरच्या लिलावात मी गुलाब बघत हिंडायचे, आणि प्रत्येकाला मनात विचारायचे, तू आमचा का.

एल्वुडने तो शोधून दिला. व्हाइनलँडच्या एका चर्चच्या आवारात, लोणच्याच्या बरण्यांमध्ये तो ठेवलेला होता. एल्वुडने भिंग डोळ्याला लावलं आणि किती वेळ काढलंच नाही. मग म्हणाला, “हा गुलाब डावीकडे कललाय. साचा डाव्या हातानं घातलाय. तुझे आजोबा डावरे होते ना?” मी त्याला ते कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं, आणि त्याने ते लक्षात ठेवलं होतं. पुढे मी लोकांना सांगत गेले की हा आमच्या आजोबांचा. कोणी म्हणालं, डावरे काय एकटे तुझेच आजोबा होते? असतील दहा. पण एल्वुडच्या डोळ्याने सांगितलं म्हणजे संपलं, असं आमच्यात होतं. त्याच डोळ्याने आता माझा हात बघितला होता. मी दोन थांबे आधीच उतरले. बसवत नव्हतं.

घरी आले तर फोन वाजत होता. लॉरीन, माझी मुलगी, ओहायोहून. गुरुवारी थँक्सगिव्हिंगला ती, जावई आणि मुलं माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. ती म्हणाली, “आई, टर्की मी करते, ॲपल पाय मी आणते, तू नुसती बस.” मी विचारलं, नुसती का बसू, मला काय झालंय? ती म्हणाली, काही नाही गं, दरवर्षी तूच करतेस म्हणून. माझं सगळं आयुष्य कानाला लोकांचे आवाज लावण्यात गेलंय. ‘काही नाही गं’च्या आधी तिने श्वास घेतला होता. मग आडून आडून तिच्या घरच्या गराजवरच्या खोलीचा, मी तिथे राहायला जायचा विषय निघाला. खोली रंगवून झालीये. जिना नाही असं नाही, पण कठडा लावून घेतलाय. ऊन छान येतं. मी विचारलं, आणि माझ्या काचा? ती म्हणाली, “अगं, तीन-चार आण की. आवडीच्या.” आमच्या जिन्यापासून स्वयंपाकघरापर्यंत फळ्याच फळ्या आहेत, आणि तीन-चार. मी फोन ठेवला आणि मला पक्कं वाटलं की एल्वुडने तिला कळवलंय. लॉरीनच्या लग्नात मुलीला हात देऊन चर्चमध्ये आणलं ते त्यानेच, तिचे वडील तोवर गेले होते. त्या हक्काने त्याने फोन केला असणार. तुझ्या आईचं काही खरं नाही, सांभाळा. गुरुवारी मी तिच्यासमोर रश्शाचं भांडं उचलणार, आणि सगळं टेबल एल्वुडसारखं हात पुढं करणार.

त्या रात्री मी घरातले सगळे मोजे काढले. नवऱ्याचे लोकरीचेसुद्धा, जे मी का ठेवले होते मला माहीत नाही. म्हटलं, काचा द्यायच्या तर सगळ्याच देते, तीन-चाराची भीक नको. पहिल्या फळीवरचा पहिला पेपरवेट उचलला आणि लक्षात आलं की त्याच्यावर धूळ होती. जाड, बोट ओढलं तर रेघ उठावी इतकी. उन्हाळ्यापासून मी त्यांना पुसलंच नव्हतं. पुसायचं म्हणजे उचलायचं, म्हणून नव्हतं पुसलं, आणि हे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मी पलंगावर बसून, मांडीवर उशी घेऊन, एक एक पुसत राहिले. फळांचे, नागाचे, न्यू इंग्लंडचे रंगीत चकत्यांचे, एकात तर नुसता बुडबुडा आहे तो. मोज्यात घातले, परत काढले, परत फळीवर ठेवले. पाय एका जागी ठरत नव्हते. पहाटे कधीतरी मला कळलं की मला सामान बांधायचं नाहीये, भांडायचंय.

रविवारी चर्च सुटल्यावर मी तशीच एल्वुडकडे गेले. गुलाब पिशवीत होता. का घेतला ते सांगता येत नाही. त्याच्यापुढे तो टेबलावर ठेवून दाखवायचा होता बहुतेक, नीट, न हलवता, आणि म्हणायचं होतं, ठेवला. एल्वुडने दार उघडलं आणि तो माझ्या कानाजवळ कुठेतरी बघत उभा राहिला. आदल्या दिवशी टोपी, आज कान. याला माझ्या नजरेला नजर देववत नाहीये, हे बघून मला बरंच वाटलं. मी बोलले तेव्हा म्हणाला, “वर्ना होय. ये की.” आत कॉफी जळल्याचा वास होता आणि आणखी कसलातरी. मी कोट काढला नाही, खुर्चीवर बसले नाही. उभ्या उभ्याच सुरू केलं. म्हटलं, मला तुझी दया नको. चाळीस वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. नियम तू केलास, मग तो सगळ्यांसाठी असू दे. माझ्या हातून पडायचाच असेल तर माझ्या हातून पडेल, माझ्या आजोबांचा आहे. हात थरथरतो तर थरथरतो, तो माझ्या मनगटाला आहे, तुझ्या नाही. आणि लॉरीनला कळवायचा अधिकार तुला कोणी दिला?

तो ऐकत होता. डोकं थोडं तिरकं करून, कोंबडी बघते तसं. मग त्याने विचारलं, “तुझा हात थरथरतो?”

त्या आवाजात काहीही नव्हतं. मी तो कानात उलटासुलटा करून बघितला. आव नव्हता, सारवासारव नव्हती. एखाद्याला खरंच माहीत नसतं तेव्हा प्रश्नाचं शेवटचं अक्षर जसं उघडं राहतं, तसं राहिलं होतं. आणि तेव्हा मी पहिल्यांदा खोलीकडे नीट बघितलं. त्याचे पेपरवेट फळ्यांवर नव्हते. सगळे खिडकीच्या कठड्यावर मांडलेले होते, ओळीने, दक्षिणेच्या खिडकीत, भर उन्हात. हे आमच्यात कोणीही करणार नाही. गोल काच ऊन एका ठिकाणी गोळा करते, आणि त्या ठिकाणी आग लागते. नवीन माणसाला नाव विचारायच्या आधी आम्ही हे सांगतो. कठड्याच्या लाकडावर तपकिरी रेघा भाजलेल्या होत्या, वाकड्या, ऊन सरकलं तशा सरकलेल्या. पडद्याला खालच्या बाजूला नाण्याएवढं भोक होतं, कडा काळ्या. दुसरा वास तो होता. आणि एल्वुडने यातलं काहीच बघितलेलं नव्हतं.

“उजेडाला ठेवलेत,” तो म्हणाला, माझी मान कुठे वळली ते त्याला दिसलं नसणार, पण मी गप्प का झाले ते कळलं असणार. “उजेडात तरी दिसतील म्हणून. वर्ना, मला काल तुझा हात दिसलाच नाही. टेबलसुद्धा धड दिसत नव्हतं. तू कुठं ठेवतेयस ते कळेना, आणि मग मला सगळ्यांच्या समोर चाचपडत बसावं लागलं असतं. म्हणून तू बोलत होतीस तिथं हात धरला. म्हटलं, तिथंच असेल.”

मी बसले. कोट तसाच, पिशवी मांडीवर. त्याने सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. वसंतापासून चाललंय. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. मधोमध एक करडा डाग असतो, आणि ज्याच्याकडे बघावं तिथे तो आधी जाऊन बसतो. म्हणून माणसाच्या कानाकडे बघायचं, म्हणजे थोडा चेहरा मिळतो. बाकी सगळं जमतं, तो म्हणाला, रस्ता जमतो, शेव्हिंग जमतं, औषधाच्या बाटल्या तर झाकणावरून कळतात. “हे तेवढं जमत नाही,” तो म्हणाला आणि खिडकीकडे हात केला. “काचेची कड दिसते, आतलं गेलं. हातात घेतले तर सगळे सारखे. गोल आणि गार.”

मला रडू आलं, आणि ते मला आवडलं नाही, म्हणून मी उठून पडदा ओढला आणि त्याला चांगलं झापलं. एक दिवस घर पेटेल, स्वतःबरोबर शेजाऱ्यांनाही नेशील, आणि मंडळ काय म्हणेल, नियम करणारा गेला तो असा. तो हसला. म्हणाला, डॉटला मुळीच सांगू नकोस, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशी ती बाई. मग म्हणाला, “आणि मी लॉरीनला कधी फोन केला?” मी म्हटलं, केला नाहीस? तो म्हणाला, मला फोनचे आकडे दिसतात कुठे? ती बिचारी खरंच तुला विश्रांती देत असेल. “चोराच्या मनात चांदणं, वर्ना. उन्हाळ्यापासून लपवलंस, आणि आज घरी येऊन स्वतःच सांगून टाकलंस.” आम्ही दोघं हसलो, म्हातारी माणसं हसतात तसं, मधेच खोकत. हसता हसता मला दिसत होतं की गुरुवार काही टळलेला नाही. लॉरीनला फोनवरून कळलं नव्हतं, म्हणजे तिला ते टेबलावर कळणार होतं, रश्शाच्या भांड्यापाशी. आणि याला कोण होतं? याच्या बायकोला, आयडाला, जाऊन किती वर्षं झाली.

“गुरुवारी जेवायला ये,” मी म्हटलं. “रस्सा तू ओत. थांब म्हटलं की थांब.”

“तुझ्या जावयाच्या मांडीवर सांडला तर?”

“तर सांडू दे. मग दोघांचं एकदमच सांगून टाकू.”

तो बोटांनी टेबलाची कड चाचपत राहिला, कुठे संपते ते बघत. ते मला बघवेना. मी पिशवीतून मोजा काढला. गाठ सुटेना, माझी बोटं तिच्यावरून घसरत होती, आणि लाज वाटायच्या आतच मला आठवलं की इथे ते कोणाला दिसत नाही. मी वेळ घेतला. दातांनी ओढली. टेबल रिकामं होतं, टॉवेल नव्हता. मी म्हटलं, “हात पुढे कर.”

“ठेव आधी,” तो म्हणाला. सवयीने.

“हात पुढे कर, एल्वुड.”

त्याने दोन्ही तळवे पुढे केले. गुलाब मी त्यात ठेवला, पण हात काढला नाही. काचेवर माझी बोटं, खाली त्याची, आणि माझी थरथर काचेतून त्याच्या हातात जात होती. त्याला ती कळली, त्याचा चेहरा थोडा बदलला. पण तो गप्प राहिला, आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. मी सांगायला लागले. लाल आहे, पण बाहेरच्या पाकळ्यांच्या टोकांना गुलाबी होत जातो. हिरवी पानं तीन, चौथं जळून काळं पडलेलं, ते मागच्या बाजूला. बुडाशी एक बुडबुडा, साबुदाण्याएवढा. आणि मग मी थांबले, कारण पुढचं मी आजवर कधी स्वतःच्या डोळ्याने बघितलंच नव्हतं, त्याने सांगितलं म्हणून मानलं होतं. मी डोकं वाकवलं, काचेच्या अगदी जवळ, इतकी की त्याचा श्वास माझ्या कपाळाला लागला.

“कललाय का?” त्याने विचारलं.

“कललाय,” मी म्हटलं. “डावीकडे.”

“नक्की?”

“नक्की.”

तो मोठ्याने श्वास सोडून मागे टेकला, आणि मला वाटलं आता हा सोडणार. डोळ्यांपुढे तोच क्षण येऊन उभा राहिला, डॉटच्या नवऱ्याचा, निळ्या फुलांचा.

“धरलायस ना?” मी विचारलं.

“धरलाय,” तो म्हणाला. “तू?”

“मीही सोडलेला नाही.”